डोळ्यांवर किती विसंबायचे?

विस्तीर्ण आकाशात दोन विमाने एकमेकांवर आदळावीत, हे सामान्य माणसाला अशक्यप्राय वाटते. परंतु २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टन येथे पोटोमॅक नदीवर प्रवासी विमान व लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ माणसे प्राणांस मुकली. विमान आपणांस दिसत आहे, असे हेलिकॉप्टरमधून नियंत्रकास कळविण्यात आले होते. ‘पाहा आणि टाळा’ ह्या जुन्या नियमावरच सारी भिस्त राहिली.

हा नियम डोळ्यांवर नको तितका भार टाकतो. मनुष्याची नजर हलती वस्तू चटकन टिपते. पण ज्या विमानाशी टक्कर व्हायची, ते समोरच्या काचेत जागचे हलत नाही. बराच वेळ ते ठिपक्याएवढेच राहते आणि अखेरच्या काही क्षणांत एकदम मोठे होते. रात्री तर शहराच्या दिव्यांत त्याचा दिवा हरवून जातो.

आपल्या देशाने हा धडा फार महागात घेतला आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण दगावले. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले होते आणि दिल्लीच्या तत्कालीन रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. त्यानंतर प्रवासी विमानांत ‘टीकास’ यंत्र सक्तीचे झाले. दुसऱ्या विमानातील ट्रान्सपाँडरचे संदेश टिपून ते एका वैमानिकास वर चढण्यास, दुसऱ्यास खाली उतरण्यास बजावते. मात्र जमिनीलगत ते असे आदेश देत नाही, आणि वॉशिंग्टनची टक्कर सुमारे ३०० फुटांवर झाली. शिवाय हेलिकॉप्टरमधून आपले स्थान प्रसारित होत नव्हते.

गोमंतकाला हा प्रश्न परका नाही. दाबोळी हा नौदलाचा तळ; तेथेच नागरी विमानेही उतरतात. १ ऑक्टोबर २००२ रोजी नौदलाची दोन विमाने ह्याच परिसरात एकमेकांवर आदळून त्यांतील १२ जण मृत्युमुखी पडले. ती एकत्र उड्डाणाची कवायत होती हे खरे. पण कसलेल्या वैमानिकांचीही नजर चुकू शकते, हे तिने दाखविले. २०२३ पासून मोपाची वाहतूकही गोव्याच्या आकाशात आली आहे.

संरक्षणाच्या गरजा आम्ही जाणतो. तथापि प्रवासी वाहतुकीच्या वाटेवर येणाऱ्या प्रत्येक विमानाने, मग ते लष्करी का असेना, आपले स्थान प्रकट केलेच पाहिजे. आणि तेथे अंतर राखण्याचे काम केवळ वैमानिकाच्या नजरेवर सोडता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चरखी दादरीनंतर नियम आले, ते ३४९ चिता पेटल्यावर. पुढचा नियम तरी त्याआधी यावा.