विद्या परदेशी, प्रश्न आपला

दौंड तालुक्यातील एका अल्पभूधारक कुटुंबातील विद्यार्थिनी नुकतीच आमच्याकडे सल्ल्यासाठी आली होती. प्राणिशास्त्राची पदवी तिने घेतली आहे. इकॉलॉजीचे, म्हणजे परिसरशास्त्राचे, संशोधनप्रधान पदव्युत्तर शिक्षण परदेशात घ्यावे अशी तिची इच्छा आहे. विषयही ठरलेला आहे : माळरानावरील लांडगा आणि मेंढपाळ यांचे नाते. ही हकीकत शिरूरच्या एका जुन्या कार्यकर्त्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, “सर, इथे पोरींना कॉलेजला जायला वेळेवर एस. टी. मिळत नाही, आणि लांडगे मोजायला शिकण्यासाठी परदेशी कशाला पाठवायचे? हे पोटभरल्यांचे शास्त्र आहे.” आक्षेप प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे.

परिसरशास्त्र हे पोटभरल्यांचे शास्त्र, ही समजूत प्रथम तपासू. पुणे शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून वाहत येऊन रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते आणि पुढे दौंडच्या शिवारालगत वाहत उजनीच्या जलाशयात साचते. ते पाणी शहरात निर्माण होते, पण त्यावर पिके आणि जनावरे जगवावी लागतात ती खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जेमतेम तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत दोन बालके आणि एक वृद्धा बळी पडली. उसाच्या फडाला लागून ज्यांची वस्ती आहे, रात्रीच्या विजेवर ज्यांना पाणी धरावे लागते, त्यांच्यावरच हा प्रसंग येतो. निसर्गाचा तोल ढळला म्हणजे त्याची किंमत सर्वांत आधी गरीब मोजतो. मग त्या तोलाचे शास्त्र गरिबाच्या मुलीने शिकू नये, हा न्याय कोणता?

बिबट्याच्याच प्रश्नात शास्त्राचा उपयोग काय झाला ते पाहा. जुन्नर वनविभागात २००१ पासून बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम निघाली. उपाय सरळ आणि लोकांच्या मनासारखा होता. परंतु डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की त्याआधीच्या काळात वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत होते, ते मोहिमेनंतर २००१ ते २००३ मध्ये सरासरी सतरांवर गेले. अनोळखी मुलुखात सोडलेले जनावर शांत बसत नाही. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रीमती अत्रेय यांनी पदव्युत्तर शिक्षण पाँडिचेरीत आणि अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातही घेतले होते. पण प्रश्न जुन्नरचा होता आणि त्याचे उत्तर त्यांनी उसाच्या शेतातच शोधले.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. धनंजयराव गाडगीळांनी केंब्रिजमध्ये एम. लिट. साठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय भारताची औद्योगिक उत्क्रांती हा होता. १९२४ मध्ये तो ग्रंथरूपाने आला आणि अर्थशास्त्राच्या आमच्या पिढीनेही तो अभ्यासला. त्यांचे चिरंजीव माधवराव हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन १९७१ मध्ये परतले आणि वा. द. वर्तकांसमवेत पश्चिम घाटातील देवराया धुंडाळू लागले. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तरीही १९१८ मध्ये त्यांनी लेख लिहिला तो भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर. परदेशातून पद्धती आणावी आणि प्रश्न आपला असावा, हे या तिघांचे सूत्र होते.

परंतु आज या वाटेने जाणार कोण? जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. तरी व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहखर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाखांहून अधिक रुपये, आधी बँकेत दाखवावे लागतात. दोन एकर कोरडवाहू जमिनीवर एवढी रक्कम उभी राहत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या एकूण १२५ जागांपैकी भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी ठेवलेल्या जागा आहेत चार! साऱ्या देशासाठी चार. शिवाय २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरील संशोधनविषय या योजनेतून वगळले. लांडग्याचा अभ्यास करा, पण धनगराविषयी विचारू नका, असाच याचा अर्थ होतो. परदेशी विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीची अट आहे ती निराळीच. कोरड्या गवताळ प्रदेशाचे शास्त्र उत्तम शिकवणारे विद्यापीठ त्या यादीत वरच असेल, याची हमी कोण देणार?

आणि घरची वाट? संशोधनाचे पहिले धडे देणारी एम. फिल. ही पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी बंद केली. तिचे दोष आम्हांला ठाऊक आहेत. पण तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न स्वतः मांडण्याची ती पहिली संधी होती. बेंगळुरू आणि डेहराडून येथे वन्यजीवशास्त्राचे चांगले अभ्यासक्रम आहेत, पण जागा अगदी थोड्या. ज्याच्या बापाजवळ पैसा आहे तो परदेशी जातो. ज्याच्याजवळ नाही तो स्पर्धापरीक्षेच्या रांगेत उभा राहतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शेतमजूर, ऊसतोड कामगार आणि मेंढपाळ यांच्या मुलांसाठी परदेशी शिष्यवृत्तीच्या जागा भरीव प्रमाणात वाढवाव्यात. निवड प्रवेशाच्या मुदतीआधी जाहीर व्हावी. विषयावरील बंधन उठावे. त्याचबरोबर पुण्याच्या विद्यापीठाने शिरूर-दौंडच्या माळावर कायमचे संशोधनकेंद्र उभारावे, म्हणजे परदेशी जाणे हा निरुपाय न राहता निवडीचा भाग होईल. सार्वजनिक पैशावर शिकणाऱ्यानेही एक ऋण मानले पाहिजे : प्रबंध कोणत्याही भाषेत लिहिला तरी त्याचा सारांश मराठीत ग्रामसभेपुढे मांडावा.

कार्यकर्त्यांनाही एक काम सांगतो. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि गावाची लोकनोंदवही तिने तयार करावयाची असते. आपल्या गावची नोंदवही मागून वाचा. ती मेंढपाळाला, कोळ्याला, ऊसतोड बाईला विचारून लिहिली आहे की कोणा कंत्राटदाराने उतरवून काढली आहे, हे पाहा. खोटी असेल तर पुन्हा लिहावयास लावा.

त्या विद्यार्थिनीला आम्ही सांगितले : अर्ज जरूर कर, पण जाण्याआधी एक पावसाळा मेंढरांच्या वाड्याबरोबर हिंड. तिने सांगितले की तिचे आजोबाच मेंढरे राखीत होते. अशा मुलीला अडविणारी व्यवस्था केवळ तिचेच नव्हे, शास्त्राचेही नुकसान करते.