श्रद्धेची चर्चा आणि शाखेची बैठक

आषाढीसाठी रजा काढून वारीला निघालेल्या कामगार कॉम्रेडला शाखेच्या बैठकीत कोणीतरी विचारतो, "काय, यंदाचा बोनस विठोबाच देणार वाटते?" चौघे हसतात. तो स्वतःही हसतो आणि पुढील दोन अभ्यासवर्गांना येत नाही. इतिवृत्तात कारण नोंदले जाते, 'घरगुती अडचण'. रमजानचे रोजे धरणाऱ्या साथीच्या बाबतीतही याहून वेगळे घडत नाही. हा प्रश्न शिष्टाचाराचा नसून पक्षबांधणीचा आहे.

देव मानणाऱ्यांना पक्षाचे दार बंद का नाही, हा प्रश्न लेनिन यांनी डिसेंबर १९०५ मधील लेखात स्वतःच उपस्थित केला. धर्मभावनेचे मूळ जनतेच्या आर्थिक दास्यात आहे, ते नुसत्या व्याख्यानांनी उपटले जाणार नाही, असे त्यांचे उत्तर होते. १९०९ मध्ये त्यांनी संपाचेच उदाहरण घेतले: संप उभा असताना जो प्रचारक कामगारांत आस्तिक-नास्तिक अशी फूट पाडतो, तो पाद्र्याला हवे तेच करतो. मात्र धर्म ही राज्यसंस्थेच्या दृष्टीने खाजगी बाब असली तरी कामगारवर्गाच्या पक्षाच्या दृष्टीने ती तशी नाही, हेही त्यांनीच बजावले आहे. आपल्याकडे 'खाजगी बाब' हे दोनच शब्द तोंडी राहतात आणि पुढची अट गळून पडते.

तेव्हा मौन हा उपाय नव्हे. 'तुझा देव तुझ्यापाशी' म्हणून विषय टाळणारी शाखा तो विषय जमातवाद्यांच्या हवाली करते. ते त्या कॉम्रेडच्या चाळीत रोज संध्याकाळी बोलत असतात. चर्चा व्हावयासच हवी. प्रश्न तिच्या रीतीचा आहे. 'अंधश्रद्धा' हा निष्कर्षाचा शब्द आहे. त्यानेच आरंभ केला की समोरचा माणूस आरोपी ठरतो, आणि आरोपी बचाव करतो, विचार करीत नाही. उलट, वारीत तुम्हाला काय मिळते, असे त्याला मनापासून विचारून पाहावे. वर्षभर मुकादमाच्या शिव्या खाणारा हा माणूस त्या वाटेवर सर्वांचा 'माऊली' असतो. ही बरोबरी कारखान्याच्या फाटकाशी का संपते, हा पुढचा प्रश्न मग तोच विचारण्याची शक्यता अधिक.

कॉम्रेड गोविंद पानसरे यांची १९८८ मधील 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका याच रीतीने लिहिलेली आहे. वाचकाच्या मनातील आदराचे बोट धरूनच ती त्याला रयतेच्या आणि शेतसाऱ्याच्या प्रश्नांपर्यंत नेते. हा बोटचेपेपणा नव्हता. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या.

दोन वर्ग चुकलेल्या त्या कॉम्रेडकडे नुसता निरोप धाडू नये. शाखाचिटणिसाने स्वतः त्याच्या घरी जावे, आणि ज्याने तो विनोद केला त्यालाही बरोबर न्यावे.