सूतिकेचे दीड महिने आणि शासनाचे पाच हजार

सूतिका परिचर्येचा काळ दीड महिन्याचा, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेले आहे. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनीही तो सांगितला आहे. या काळात स्नेहपान, अभ्यंग, पट्टबंधन, उष्णोदक, यवागू, अग्निबल पाहून क्रमाने वाढवावयाचा बृंहण आहार आणि श्रमाचा त्याग अशी योजना आहे. आपण यांपैकी बऱ्याच गोष्टी चिठ्ठीवर लिहितो, तोंडी सांगतो. परंतु श्रमत्यागाचे पथ्य सांगताना एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. बाळंतिणीने दीड महिना कामावर जावयाचे नाही, तर त्या दीड महिन्याची मजुरी कोणी द्यावयाची?

सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडी व आसपासच्या गावांतील रुग्ण तपासताना हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. काही वर्षांपूर्वी एक शेतमजूर भगिनी दोन महिन्यांचे बाळ घेऊन आली. पहिलेच बाळंतपण. ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार. मी स्तन्यक्षयाचे निदान करून शतावरी कल्प दिला, आहार सांगितला. महिन्याने ती पुन्हा आली तेव्हा फारसा फरक नव्हता. अधिक चौकशी केल्यावर कळले की विसाव्या दिवसापासून ती सोयाबीनच्या खुरपणीला जात होती. बाळ सासूजवळ, दोन पाजण्यांत सहा-सात तासांचे अंतर, दुपारी भाकरी आणि चटणी. मातृवंदना योजनेचा अर्ज तिने भरलेलाच नव्हता. बाळंतपण सोलापूर जिल्ह्यातील माहेरी झाले. माहेरच्यांना वाटले सासरी भरतील, सासरच्यांना वाटले माहेरी भरला असेल. रोगाचा हेतू शेतात होता आणि मी औषध शोधीत होतो कपाटात. निदान-परिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय, हे इतरांना शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला ते सुचले नाही, याची खंत आजही आहे.

म्हणून या अनुदानाकडे आपण वैद्यांनी नव्याने पाहावे, असे मला वाटते. प्रधानमंत्री मातृवंदना योजना १ जानेवारी २०१७ पासून देशभर लागू झाली. १ एप्रिल २०२२ पासूनच्या सुधारित स्वरूपात पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गर्भारपणाची नोंदणी व तपासणी झाल्यावर ३,००० आणि जन्मनोंदणी व बाळाच्या लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर २,०००. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकरकमी मिळतात. याखेरीज २००५ पासूनच्या जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण महाराष्ट्रातील दारिद्र्यरेषेखालील व अनुसूचित जाती-जमातींच्या मातेस संस्थेतील प्रसूतीसाठी ७०० रुपये आहेत. १ एप्रिल २०२३ वा त्यानंतर जन्मलेल्या मुलीसाठी, कुटुंबाकडे पिवळी वा केशरी शिधापत्रिका असल्यास, राज्याच्या लेक लाडकी योजनेतून जन्मानंतर ५,००० रुपये मिळतात. पुढील टप्पे धरून एकूण रक्कम १,०१,००० रुपये होते.

मातृवंदनेचा उद्देश शासनाने स्वतःच मजुरीची अंशतः भरपाई असा सांगितला आहे. मग हिशेब मजुरीनेच करू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील रोजगार हमीचा दर दिवसास ३१२ रुपये ठरला होता. त्या दराने ५,००० रुपये म्हणजे सोळा दिवसांची मजुरी. शास्त्र सांगते पंचेचाळीस दिवस; शासन देते सोळा. पंचेचाळीस दिवसांचे १४,०४० रुपये होतात. ही मागणी अवास्तव नाही. तमिळनाडूमध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत २०१८ पासून १८,००० रुपयांचे साहाय्य ठरले. त्यात १४,००० रोख आणि उरलेले पोषण-संचाच्या रूपाने. आपल्याकडे मात्र २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचा प्रसूतिलाभ सांगितला, आणि त्यानंतर महागाई कोठे गेली हे आपल्या औषधालयांच्या खरेदीच्या वह्याच सांगतील.

रकमेइतकाच काळाचाही प्रश्न आहे. लसीकरणाची पहिली फेरी चौदाव्या आठवड्यात पूर्ण होते. म्हणजे दुसरा हप्ता लवकरात लवकर साडेतीन महिन्यांनी. तोपर्यंत सूतिकाकाल संपून दुप्पट काळ लोटलेला असतो. पुढे तर काहीच नाही. आपल्या शास्त्राने बालकाच्या क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद अशा तीन अवस्था मानल्या. अनुदान क्षीरप अवस्थेच्या पहिल्या भागातच संपते. एक ते दोन वर्षे हा क्षीरान्नाद काळ बालक घसरण्याचा खरा काळ. तेथे अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार सोडला तर पालकांच्या हाती काही नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. आपला धाराशिव जिल्हा तर २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे.

कोणी म्हणेल, हे पैसे नवऱ्याच्या व्यसनात जातात. फुकट वाटण्याने लोक आळशी होतात. संघटित क्षेत्रातील स्त्रीस २०१७ च्या दुरुस्तीनंतर सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. तिला कोणी फुकट म्हणत नाही. खुरपणाऱ्या स्त्रीचे सोळा दिवस तेवढे दान ठरतात, हा न्याय कोणता? शिवाय रक्कम मातेच्या स्वतःच्या आधारसंलग्न खात्यात जमा होते, हेही लक्षात घ्यावे.

आता थोडे आपल्याकडे पाहू. हे लिहिणे मला सोपे नाही. हे पैसे पुष्कळदा आपल्याच काउंटरवर संपतात. हप्ता जमा झाला की बाळंतीण येते आणि टॉनिक, माल्ट, बाळगुटीची पेटी, सुवर्णप्राशनाचे थेंब, कधी दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन जाते. सुवर्णप्राशनाचा आधार काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात आहे. परंतु कोणास लेहन द्यावे आणि कोणास देऊ नये याचाही विचार त्याच अध्यायात आहे. ज्या घरात तूप, डाळ आणि दूध आणावयास पैसे नाहीत, तेथे आधी थेंब विकणे ही चिकित्सा नव्हे. दुधाच्या पावडरीबाबत तर कायदाच आहे. शिशुदुग्ध पर्यायांविषयीचा १९९२ चा कायदा व त्याची २००३ ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या अशा पदार्थांची जाहिरात करणे वा भेटवस्तू, सवलत देऊन विक्रीस उत्तेजन देणे निषिद्ध आहे. औषधविक्रेत्या बंधूंनी आपल्या दर्शनी फळीकडे एकदा या नजरेने पाहावे.

मग करावे काय? चार गोष्टी सुचवितो. पहिली, प्रत्येक गर्भिणीच्या व सूतिकेच्या केसपेपरवर दोन प्रश्न असावेत: अर्ज भरला का? कामावर कधी जाणार? दुसरी, अर्ज भरला नसेल तर त्याच दिवशी तिला गावातील आशा वा अंगणवाडी सेविकेकडे पाठवावे. आधारवरील नाव माहेरचे आणि बँकेतील सासरचे असेल, खाते आधारशी जोडलेले नसेल, तर तेवढ्यावर हप्ता अडकतो. हे पाचव्या महिन्यातच सांगितले तर दुरुस्तीस वेळ मिळतो. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना हे निघण्यापूर्वीच सांगावे लागेल, कारण फडावर असताना बँक पासबुकाची आठवण कोणाला राहत नाही. तिसरी, औषधालयात योजनेची माहिती व आवश्यक कागदांची यादी ठळक मराठीत लावावी. त्यास खर्च एका कागदाचा. चौथी, हप्ता मिळाल्यावर आलेल्या मातेला प्रथम आहाराची यादी लिहून द्यावी, औषध नंतर, आणि तेही खरोखर आवश्यक असेल तरच.

संघटनेनेही येत्या अधिवेशनात एक ठराव करावा. प्रसूतिलाभाची रक्कम किमान पंचेचाळीस दिवसांच्या मजुरीइतकी व्हावी, तिचा मोठा भाग प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात मिळावा आणि बालक दोन वर्षांचे होईपर्यंत एक तरी हप्ता राखून ठेवावा. ही मागणी करण्याचा अधिकार आपल्याइतका दुसऱ्या कोणाला नाही, कारण ‘बाळंतिणीला दीड महिना विश्रांती द्या’ असे या देशात सर्वांत आधी लिहून ठेवणारे आपलेच आचार्य होते.

पथ्य सांगणे सोपे असते. ते पाळता येईल अशी परिस्थिती निर्माण करण्यास हातभार लावणे हेही वैद्याचेच काम आहे. ते आपण केले नाही, तर आपली सूतिका परिचर्या पुस्तकात राहील आणि सूतिका खुरपे घेऊन शेतात.