सी.टी. स्कॅन : केव्हा आणि कशासाठी?

एप्रिल-मे २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्ली आणि तिला लागून असलेल्या गुरुग्राममध्ये रुग्णालयांत खाटा मिळेनाशा झाल्या होत्या. भीतीपोटी अनेकांनी सी.टी. स्कॅनची वाट धरली. थोडासा ताप आलेली, प्राणवायूची पातळी चांगली असलेली माणसेही त्यांत होती. तेव्हा दिल्लीच्या 'एम्स'चे संचालक असलेले डॉ. रणदीप गुलेरिया यांनी ३ मे रोजी बजावले, की सौम्य आजारात हा स्कॅन निरुपयोगी आहे आणि एक स्कॅन म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे होत. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने लगेच आक्षेप घेतला. हा हिशेब जुन्या यंत्रांचा असून आधुनिक यंत्रात हे प्रमाण पाच-दहा एक्स-रे इतकेच भरते, असे तिचे म्हणणे होते. पुढे २०२२ मध्ये डॉ. गुलेरिया गुरुग्रामच्याच मेदांता रुग्णालयात रुजू झाले.

सत्य या दोन टोकांच्या मध्ये आहे. छातीच्या एका एक्स-रेतून सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट किरणोत्सार शरीरात जातो, तर नेहमीच्या स्कॅनमधून सहा-सात आणि कमी मात्रेच्या स्कॅनमधून सुमारे दीड. परंतु आकड्यांच्या या वादात डॉक्टरांचा मूळ मुद्दा मागे पडला. ज्या तपासणीने उपचारात काहीच बदल होणार नाही, ती करावीच कशाला?

याचा अर्थ यंत्र वाईट, असा मुळीच नव्हे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या रुग्णालयात कवटी न उघडता एका स्त्रीच्या मेंदूतील गाठ दाखवली, तेव्हा वैद्यकाला नवी दृष्टीच मिळाली. पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाचे उदाहरण घ्यावे. रक्ताची गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण रक्तवाहिनी फुटली असेल, तर तेच औषध जीव घेऊ शकते. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. हा भेद काही मिनिटांत दाखवतो तो स्कॅनच, आणि तिथे किरणांची भीती बाळगणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल.

संशोधनातही हेच दिसते. अमेरिकेत त्रेपन्न हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी मात्रेच्या स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. मात्र ही पाहणी वर्षानुवर्षे भरपूर धूम्रपान केलेल्या माणसांची होती, सरसकट सर्वांची नव्हे.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये करोनाकाळात छातीच्या स्कॅनचे दर ठरवून दिले. यंत्र जितके प्रगत तितका दर जास्त : दोन, अडीच आणि तीन हजार रुपये. पैशाची लूट थांबवण्यास ते आवश्यकच होते. तथापि स्कॅनची गरज आहे की नाही, हे दरपत्रक सांगू शकत नाही. ते डॉक्टरांना विचारावे लागते, आणि आपल्याकडे रुग्ण तेवढे विचारायलाच कचरतो. 'या अहवालाने उपचार बदलणार आहेत का? सोनोग्राफीने भागेल का?' हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. गर्भवती स्त्रीने तर आपली अवस्था आधीच सांगितली पाहिजे. आणि जुन्या स्कॅनच्या फिल्म माळ्यावर न टाकता सोबत न्याव्यात. कित्येकदा त्या पाहूनच नवा स्कॅन टळतो.