लोहाराच्या मुलाचीं धुळाक्षरें

संगणकावरील खेळांचें नांव निघालें कीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळावर आठी पडते. बुद्धिबळाचा पट मांडून दोन दोन प्रहर घालविणाऱ्या आजोबांस कोणी नांवें ठेवीत नाहीं. फाशांच्या पायीं धर्मराजानें राज्य घालविलें, तरी सोंगट्यांचा पट आपल्या माजघरांत मानानें नांदला. पडद्यावरचा खेळ मात्र म्हणजे वेळेचा अपव्यय, हा निकाल पुरावा न ऐकतांच दिला जातो. प्रस्तुत लेखांत अशाच एका खेळाची हकीकत सांगावयाची आहे. खेळ अत्यंत कठीण, त्यांतील काळ मध्ययुगाचा, आणि मधून मधून रसायनाचा भाग. तेव्हां तीन वेगळाल्या वाटांनीं आपणांस थोडें फिरावें लागेल. परंतु त्या तीनही वाटा एका ठिकाणीं येऊन मिळतात, आणि तें ठिकाण म्हणजे अक्षरओळख. मास्तरकींत आयुष्य गेलेल्या मनुष्यास तेंच आधीं दिसावें, हें स्वाभाविकच होय.

खेळाचें नांव ‘किंग्डम कम : डिलिव्हरन्स’. प्राग शहरांतील ‘वॉरहॉर्स’ नांवाच्या कंपनीनें तो २०१८ सालीं प्रसिद्ध केला, व त्याचा दुसरा भाग २०२५ सालीं निघाला. माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास आहे. तो सुटींत खेळत असतां मीं शेजारीं खुर्ची टाकून पहिला भाग बराचसा पाहिला. एक गोष्ट आधींच सांगून ठेवतों : हा खेळ अठरा वर्षांवरील माणसांसाठीं केलेला आहे. त्यांत रक्तपात आहे, ग्राम्य भाषाही आहे. लहान मुलांच्या हातीं तो देऊं नये.

कथा घडते १४०३ सालच्या बोहेमियांत, म्हणजे सांप्रतच्या चेक प्रजासत्ताकाच्या भूमींत. त्या वेळीं आपल्याकडे गुलबर्ग्याच्या गादीवर फिरोजशहा बहमनी होता. शिवजन्मास अद्याप सव्वादोनशें वर्षें अवकाश होता. बोहेमियाचा थोर सम्राट चौथा चार्ल्स, ज्यानें १३४८ सालीं प्रागचें विद्यापीठ स्थापिलें, तो १३७८ त निवर्तला. त्याचा पुत्र चौथा वेन्सेस्लास याच्या अंगीं बापाचे गुण उतरले नाहींत. जर्मन संस्थानिकांनीं १४०० सालीं त्यास जर्मन राजपदावरून दूर केलें, आणि १४०२ सालीं त्याचा सावत्र भाऊ, हंगेरीचा राजा सिगिस्मुंड, यानें त्यास चक्क कैद केलें. भाऊबंदकीचा इतिहास मराठी वाचकास नवा नाहीं. म्हणून त्याचा विस्तार करीत नाहीं. भांडणाचें एक मोठें कारण मात्र ध्यानांत ठेवावें, तें म्हणजे रुपें. कुटना होरा या गांवच्या खाणींतून निघणाऱ्या रुप्यावर बोहेमियाचें राज्य उभें होतें. तेथील ‘ग्रोशेन’ नांवाचें नाणें इ. स. १३०० पासून पाडलें जाऊं लागलें, आणि त्याच वर्षीं दुसऱ्या वेन्सेस्लासानें खाणींसाठीं लॅटिन भाषेंत सविस्तर कायदा लिहवून घेतला. सिगिस्मुंडाचा डोळा त्या रुप्यावर होता.

खेळाचा नायक हेन्री हा स्कालित्स नांवाच्या अशाच एका खाणीच्या गांवच्या लोहाराचा मुलगा. सिगिस्मुंडाचें सैन्य गांव जाळतें, आईबाप त्याच्या डोळ्यांदेखत मारले जातात, आणि हा पोरका तरुण रानोमाळ होतो. येथपर्यंत कथा ठराविक आहे. पुढें मात्र ती ठराविक राहत नाहीं. अशा खेळांतील नायक पहिल्या घटकेपासून शूर असावयाचा, असा प्रघात. हेन्रीला कांहींच येत नाहीं. तलवार हातीं दिली तर ती धड फिरवितां येत नाहीं, दोघे जण अंगावर आले म्हणजे पळावें हेंच शहाणपण. पहिल्या संध्याकाळीं पुतण्याचा हेन्री सहा वेळां मेला. त्यांत आणखी अडचण अशी कीं, इतर खेळांत वाटेल तेव्हां आपल्या प्रगतीची नोंद करून ठेवतां येते व मेल्यास तेथून पुढें चालूं लागतां येतें. येथें ती नोंद बिछान्यांत निजल्यावर होते, कांहीं ठरलेल्या प्रसंगीं होते, किंवा एक विशिष्ट मद्य प्यालें तर होते. तें मद्य महाग, आणि अधिक प्यालें तर झिंग येते. (खेळ बंद करतांना नोंद राहण्याची सोय मागाहून करून दिली आहे.) चूक फुकट दुरुस्त होत नाहीं म्हटल्याबरोबर खेळणारा किती सावध होतो, हें पाहण्यासारखें आहे. आमच्या वर्गांत खोडरबरावर अशी पट्टी बसविली असती तर पुष्कळांचीं अक्षरें सुधारलीं असतीं!

तथापि मला या खेळांत सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट तलवारीची नाहीं. हेन्रीच्या हातीं एक पुस्तक लागलें. पुतण्यानें तें उघडलें, तों पानभर अक्षरांची नुसती सरमिसळ. ‘तलवार’ हा शब्द ‘वलतार’ दिसावा, त्या प्रकारची. मला वाटलें, यंत्रांत बिघाड झाला. पुतण्या हंसून म्हणाला, “काका, बिघाड नाहीं हो, याला अजून वाचतांच येत नाहीं.” मग त्या पोरास उझित्स नांवाच्या गांवीं एका लेखनिकाकडे जावें लागतें, त्याचें वेतन मोजावें लागतें, आणि अक्षरें गिरवावीं लागतात. त्यानंतरही एकदम सारें स्पष्ट होत नाहीं. आधीं लहान शब्द जागेवर येतात, मोठे तसेच विस्कटलेले राहतात. पुढें वाचनाचा सराव वाढेल तसतशीं पानें निवळत जातात. ज्यानें मोठ्या वयाच्या माणसास वाचावयास शिकविलें आहे, त्यास हें चित्र किती खरें आहे तें कळेल. निरक्षरास कागद कोरा दिसत नसतो. तो भरलेला दिसतो, आणि आपल्यालाच कांहीं सांगत नाहीं असा दिसतो. साक्षर मनुष्यास ही स्थिति पुन्हां अनुभवतां येणें जवळ जवळ अशक्य. या खेळानें ती घटकाभर अनुभवास आणून दिली, एवढ्यासाठीं तरी त्याच्या कर्त्यांस मीं शाबासकी देईन.

ही गोष्ट इतिहासासही धरून आहे. त्या काळीं युरोपांत विद्येची भाषा लॅटिन, आणि ती मठांत व विद्यापीठांत. खेळांत ससाऊ येथील मठ फार मेहनतीनें उभा केला आहे. तो खराच अकराव्या शतकांतील असून आरंभीं तेथील उपासना जुन्या स्लाव भाषेंत चाले, पुढें ती बंद पडून लॅटिन आली. लोकभाषेचा प्रश्न तेथें किती जुना आहे हें यावरून दिसेल. प्रागमध्यें १३९१ सालीं मुद्दाम चेक भाषेंतील प्रवचनांसाठीं बेथलेहेम नांवाचें प्रार्थनामंदिर स्थापन झालें, आणि १४०२ सालीं, म्हणजे आपल्या कथेच्या एकच वर्ष आधीं, तेथें यान हूस हा प्रवचनकार म्हणून आला. चेक भाषेच्या लेखनपद्धतीवर एक लॅटिन निबंध पंधराव्या शतकाच्या आरंभीं लिहिला गेला. तो सामान्यतः हूसच्या नांवावर मानतात. चेक भाषेंतील कित्येक ध्वनींना लॅटिन लिपींत अक्षरच नव्हतें, म्हणून लोक दोन दोन, तीन तीन अक्षरें जोडून काम भागवीत. या निबंधानें सुचविलें कीं एकच अक्षर घ्यावें व त्याच्या डोक्यावर टिंब द्यावें. अनुस्वारांच्या टिंबांवरून मराठींत केवढे वाद माजले तें ज्यांनीं वाचलें आहे, त्यांस या टिंबाची किंमत निराळी सांगावयास नको. याच हूसला सिगिस्मुंडानें अभयपत्र लिहून दिलें होतें. तें जवळ असतांही ६ जुलै १४१५ रोजीं कॉन्स्टान्स येथें त्यास जिवंत जाळण्यांत आलें.

आतां रसायनाकडे वळूं. नोंद ठेवणारें जें मद्य वर सांगितलें, तें विकत न घेतां स्वतः तयार करतां येतें. त्यासाठीं किमयागाराचें मेज आहे : हंडी, भाता, खल, आणि वाळूचें घड्याळ. द्राक्षांचें मद्य हंडींत घालावयाचें, अंगास लागतांच आग करणारा नेटल नांवाचा पाला त्यांत उकळावयाचा, वाळूचें घड्याळ उलटून वेळ मोजावयाचा, आणि खलांत कुटलेली बेलाडोना टाकावयाची. क्रम चुकला कीं सारें फुकट. बेलाडोना ही आपल्या धोतऱ्याच्याच कुळांतील विषारी वनस्पति. तिच्यांतील ॲट्रोपीन हें द्रव्य डोळ्यांची बाहुली मोठी करण्यासाठीं नेत्रवैद्य अद्याप वापरतात. तेव्हां ही कृति खेळांतच राहूं द्यावी हें बरें.

कृति पुस्तकांत आहे, आणि पुस्तक वाचतां येत नाहीं; अशी हेन्रीची अडचण. पण ज्यांस वाचतां येत होतें, त्यांची तरी काय सोय होती? युरोपांतील किमयागार आपले ग्रंथ मुद्दाम कोड्यांत लिहीत. त्यांचा ‘राखाडी लांडगा’ म्हणजे सुरम्याचें खनिज, आणि ‘हिरवा सिंह’ म्हणजे कधीं एक पदार्थ तर कधीं दुसराच. आपल्या रसशास्त्रांतही विद्या गुप्त राखावी अशी ताकीद आहे. हें धुकें निवळलें तें पुष्कळ उशीरा. इ. स. १७८७ सालीं लाव्हाझिये, गितों द मोर्व्हो, बेर्तोले आणि फूर्क्रुआ या चार फ्रेंच पंडितांनीं पदार्थांस त्यांच्या घटकांवरून नांवें देण्याची पद्धति घालून दिली, आणि १८१३-१४ च्या सुमारास स्वीडनच्या बर्झेलियसनें मूलद्रव्यांस अक्षरचिन्हें दिलीं. रुप्याचें चिन्ह ‘एजी’ कां, असें मुलें विचारतात. लॅटिन भाषेंत रुप्यास ‘आर्जेंटुम्’ म्हणतात, म्हणून. शिशाचें ‘पीबी’ तें ‘प्लुंबुम्’वरून. शाळेंत हीं चिन्हें मुलांच्या गळीं उतरवितांना एवढा एक शब्द कोणी सांगत नाहीं, आणि मग मूल हेन्रीसारखें भरलेल्या पानाकडे बघत बसतें.

आतां रुप्याची शुद्धि कशी होत असे तें पहा. रुपें बहुधा शिशाच्या खनिजाबरोबर सांपडतें. खनिज भाजून व वितळवून दोन्ही धातूंचा एक रस करीत, आणि हाडांच्या राखेनें लिंपलेल्या उथळ भट्टींत तो घालून वर भात्याचा वारा सोडीत. तापलेलें शिसें हवेंतील प्राणवायु घेऊन मुरदाडशिंग बनतें. तें ८८८ अंश सेल्सियसला वितळतें व राखेंत मुरतें किंवा वरच्यावर काढतां येतें. रुपें ९६२ अंशांस वितळतें खरें, परंतु एवढ्या उष्णतेंत प्राणवायु त्याच्याशीं संयोग करून टिकूं शकत नाहीं. म्हणून तें जसेंच्या तसें राहतें. शेवटची शिशाची साय नाहींशी झाली कीं रस एकाएकीं लखकन चमकतो. ती चमक ओळखणें हीच कारागिराची विद्या, आणि शिशाची विषारी वाफ हा तिचा मोबदला. त्यास प्राणवायूचें नांव ठाऊक नव्हतें; हाताला व डोळ्याला मात्र सारें ठाऊक होतें.

हीच कृति आपल्या ‘रसरत्नसमुच्चया’ंत आहे. रुप्याबरोबर समभाग शिसें, राखेची व चुन्याची पाळी, आणि शिसें नाहींसें होईपर्यंत भाता : सगळें आहे. म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास संस्कृतांत ही गोष्ट लिहिलेली होती. मग त्या अक्षरांतून पुढें रसायनशास्त्र कां निपजलें नाहीं? आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं ‘हिंदु रसायनाचा इतिहास’ १९०२ व १९०९ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं एक कारण स्पष्ट सांगितलें आहे : हातानें करावयाच्या कला खालच्या मानलेल्या जातींकडे सोंपविल्या गेल्या, बुद्धिमान वर्गानें त्यांतून अंग काढून घेतलें, आणि ‘कां’ व ‘कसें’ हे प्रश्न विचारणारेंच कोणी उरलें नाहीं. आमच्यासारख्या घरांत हें वाचतांना अवघडल्यासारखें होतें, म्हणूनच येथें लिहितों. ज्या वैद्याच्या ओसरीवर हा ग्रंथ मुखोद्गत होता, त्याच्या मुलाची आणि भाता ओढणाऱ्या लोहाराच्या मुलाची पाटी कधीं एका पडवींत आली नाहीं. एकाजवळ अक्षर होतें, दुसऱ्याजवळ आग होती. पुण्यांत १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींसाठीं शाळा काढली, तेव्हां तिला अडथळा करणारे कोणत्या आळींतले होते, हें वाचकांस ठाऊकच आहे. हेन्रीला निदान वेतन मोजल्यावर लेखनिक तरी शिकवितो.

तोच भेद आपल्या घरांतही असतो. देवघरांतलीं चांदीचीं उपकरणीं घांसण्याची कला आपल्या घरच्या स्त्रियांच्या हातांत आहे, आणि ‘एजी’ हें चिन्ह मुलांच्या वहींत आहे. दोघांची गांठ क्वचितच पडते. ती पाडण्याजोगा एक सोपा प्रयोग सांगतों. चांदीवरील काळेपणा म्हणजे माती नव्हे. हवेंतील गंधकयुक्त वायूचा चांदीशीं संयोग होऊन तो थर जमतो. घांसून तो काढला कीं त्याबरोबर थोडी चांदीही जाते. त्याऐवजीं चिनी मातीच्या पसरट भांड्याच्या तळाशीं, पोळ्या गुंडाळावयास वापरतात तो ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा अंथरावा, त्यावर काळीं पडलेलीं उपकरणीं पत्र्यास टेकतील अशीं ठेवावीं, दोन चमचे खाण्याचा सोडा पसरावा, आणि वरून कडकडीत पाणी ओतावें. गंधकाची ओढ चांदीपेक्षां ॲल्युमिनियमकडे अधिक. तो चांदीस सोडून तिकडे जातो, आणि गेलेली चांदी जागच्या जागीं परत येते. कांहीं मिनिटांतच फरक दिसूं लागतो. थोडा कुजकट वास येईल, तो निसटणाऱ्या गंधकाचा. खिडकी उघडी ठेवावी. मुलांना जवळ घेऊन, पण गरम पाण्यापासून हातभर दूर ठेवून, हें करावें; आणि काय झालें तें सांगण्याचें काम वहीवाल्यास द्यावें, करण्याचें काम हातवालीकडे असूं द्यावें; दुसऱ्या वेळीं अदलाबदल करावी. निरांजन, पळी, पंचपात्री, फुलपात्र यांस ही रीत उत्तम. खडे बसविलेले दागिने मात्र यांत घालूं नयेत. आणि जुन्या कारागिरानें नक्षीच्या खांचांत मुद्दाम राखलेला काळेपणाही यानें निघून जातो, म्हणून नक्षीकामाचा करंडा असेल तर तो आपला मऊ फडक्यानें पुसूनच ठेवावा.