सुट्या पैशांचा प्रश्न

नव्या सोयीविषयी शंका काढणारा मनुष्य मागासलेला समजला जातो, आणि तो खेड्यातून आलेला असेल तर मग विचारूच नका. तो धोका पत्करून प्रस्तुत लेख लिहीत आहे. विषय तसा क्षुल्लक आहे : चहा-वडापावचे पैसे कसे द्यावेत? यंत्राला कार्ड टेकवून, की खिशातून नोट काढून?

कार्ड टेकवण्याची युक्ती मोठी गमतीची आहे यात शंका नाही. कार्डाच्या पोटात एक बारीक चिप आणि तारेचे वेटोळे असते. बॅटरी नसते, यंत्राजवळ नेले की यंत्राकडूनच त्याला शक्ती मिळते आणि क्षणार्धात व्यवहार होतो. पाच हजार रुपयांपर्यंत पिनसुद्धा विचारला जात नाही. ही मर्यादा आधी दोन हजार होती. रिझर्व्ह बँकेने ती १ जानेवारी २०२१ पासून वाढवली. सुट्या पैशांची कटकट यामुळे मिटते, हेही मी मान्य करतो. एस.टी.च्या कंडक्टरने तिकिटामागे पेनाने उरलेले रुपये लिहून दिले आणि उतरण्याच्या गर्दीत ते त्याच्याकडेच राहिले, हा अनुभव कोणाला नाही? दुकानदाराने दोन रुपयांऐवजी हातावर ठेवलेली लिमलेटची गोळी आपण मुकाट्याने चघळतो. (तीच गोळी दुसऱ्या दिवशी दोन रुपये म्हणून त्याला देऊन पाहावी!) तेव्हा ज्याला कार्ड टेकवायचे आहे त्याने खुशाल टेकवावे. माझा वाद त्याच्याशी नाही.

वाद आहे तो पाटीशी. आपल्या कॅन्टीनमध्ये या वर्षी गल्ल्यापाशी 'रोख स्वीकारली जाणार नाही' अशी पाटी लागली. कार्ड टेकवा, नाहीतर मोबाईलवरून पैसे द्या. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याने काय करावे, हे पाटीवर लिहिलेले नाही. सुरुवातीला अशी मुले मित्राच्या कार्डावर चहा घेत आणि त्याच्या हातावर नोट ठेवीत. पुढे ती कॅन्टीनला येईनाशीच झाली. रोज उठून दुसऱ्याला "माझेही दे रे" म्हणणे सोपे नसते.

यावर एक उत्तर तयार असते : "आता सगळ्यांचीच बँकेत खाती आहेत." खरे आहे. जनधन योजना २०१४ साली सुरू झाली. माझ्या आईचे खाते आहे, शिष्यवृत्तीसाठी माझेही आहे. परंतु खाते असणे वेगळे आणि खात्यात पैसा असणे वेगळे. आपल्या प्राध्यापकांचा पगार थेट बँकेत जमा होतो. तेथून तो कार्डावर यायला काहीच कष्ट नाहीत. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. त्यांची मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी रोख हातात पडते. आई खुरपणीला जाते, तिचेही तसेच. सकाळी निघताना मला मिळते ती पन्नासाची नोट. हे पन्नास रुपये कार्डातून खर्च व्हावेत असे वाटत असेल, तर ते आधी बँकेत भरले पाहिजेत. म्हणजे घरच्यांपैकी कोणी तरी कामाचा खाडा करून तालुक्याला रांगेत उभे राहायचे, किंवा मी तास बुडवायचे. घरात स्लिप भरता येणारा मी एकटाच, तेव्हा बहुधा मीच! घरात मोबाईल एक आहे, तो वडिलांबरोबर कामावर जातो. श्रीमंताची सोय आणि गरिबाची सोय एकच असते, असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब करून पाहावा.

माझी आजी निरक्षर आहे, पण पैशाच्या बाबतीत तिला कोणी फसवलेले मला आठवत नाही. दहाची नोट चॉकलेटी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट; रंगावरून ती ओळखते आणि बोटांवर मोजते. नोटेवर पंधरा भाषांच्या पट्टीत मराठीतही रक्कम छापलेली असते, तिची तिला गरजसुद्धा लागत नाही. यंत्रात मात्र आकडा दुकानदार टाकतो. चाळीसचे चारशे झाले तर ते आजीला कळायचे कसे? पिन विचारला जात नसल्याने थांबून पाहण्याची ती एक जागाही जाते. २०२० पासून नव्या कार्डांवर टेकवण्याची सोय बंद ठेवून देण्याचा आणि खातेदाराने मागितली तरच ती सुरू करण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने केला, तो उगीच नव्हे.

जग पुढे चालले आहे, असेही ऐकवले जाते. लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, हे उदाहरण एका मित्राने मला दिले. उदाहरण द्यायचे तर पुरते द्यावे. तेथे ऑयस्टर नावाचे कार्ड आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात रोख पैसे देऊन त्यात भर घालता येते; म्हणजे रोखीवाल्यासाठी दार ठेवलेले आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२० मध्ये दुकानांना रोख नाकारायला बंदी करणारे कायदे केले. ज्यांची बँकेत खाती नाहीत अशा गरीब लोकांचा विचार त्यामागे होता. आता ही शहरे मागासलेली म्हणायची काय?

असो. कॅन्टीनचा ठेका नव्याने देताना 'रोख रक्कम स्वीकारणे बंधनकारक राहील' एवढे एक वाक्य करारात घालावे, अशी माझी मा. प्राचार्यांना आणि विद्यार्थी प्रतिनिधींना विनंती आहे. सुट्यांचीच अडचण असेल तर ऑफिसच्या खिडकीवर रोख घेऊन दहा-दहा रुपयांची कुपने विकता येतील. तोपर्यंत आमची सोय एस.टी. स्टँडवरच्या वडापावच्या गाडीवर होते. त्या गाडीला मोबाईलसाठी कोडाचा कागदही चिकटवलेला आहे, आणि गाडीवाला नोटही घेतो.