ज्याला मामा नाही, त्याचा वाली कोण?

पदवीच्या प्रवेशांचे दिवस आले की पुण्यातील महाविद्यालयांच्या फाटकांशी जी गर्दी उसळते, ती पाहून कोणाही विद्याप्रेमी माणसास आनंदच व्हावा. आम्हांसही तो होतो. परंतु हीच मुले तीन-चार वर्षांनी पदवी घेऊन त्याच फाटकातून बाहेर पडतात, तेव्हा ‘बाबा रे, आता तू कोठे जाणार?’ एवढे विचारावयासदेखील तेथे कोणी उभे नसते. आज नेहमीची जागा सोडून पहिल्या पानावर आम्ही हा विषय मांडीत आहोत, तो एवढ्याचसाठी की, रोजच्या राजकीय धुळवडीपेक्षा तो अधिक घरांच्या उंबरठ्यापाशी येऊन ठेपलेला आहे.

नोकरी वशिल्याने मिळते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. वशिला म्हणजे दर वेळी साहेबाच्या कानात सांगितलेला शब्द नव्हे. पुष्कळदा वशिला म्हणजे नुसती माहिती असते. ज्याचे वडील बँकेत अधिकारी आहेत, ज्याचा मामा कारखान्याच्या कचेरीत हिशेब पाहतो, त्या मुलाच्या कानांवर जेवता जेवता कितीतरी गोष्टी पडत असतात. कोठे माणसे हवी आहेत, अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत पगाराची गोष्ट निघाली तर काय बोलावे, हे त्याला कोणी मुद्दाम शिकवीत नाही. ते त्याला आपोआप येते. उलट बीड, परभणी किंवा नंदुरबारकडून एस.टी.ने पुण्यास आलेल्या मुलाचा बाप सोयाबीनचा भाव तोंडपाठ सांगेल, परंतु ‘रिझ्युमे’ हा काय प्रकार आहे, हे त्याने कोणास विचारावे? या दोन मुलांच्या बुद्धीत अंतर नाही. अंतर आहे ते मामाचे!

या अंतराचे फळ ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत एखाद्या संध्याकाळी चक्कर मारावी. अभ्यासिकांतून खुर्चीला खुर्ची लावून बसलेली ती मुले-मुली आळशी नाहीत. त्यांच्याइतके कष्ट करणारे तरुण या शहरात थोडेच असतील. परंतु गावी असताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या नोकऱ्या कोणत्या? तलाठी, फौजदार, तहसीलदार आणि शिक्षक. जे पाहिले, तेच मागितले. राज्यसेवेच्या काही शे जागांसाठी लाखो उमेदवार बसतात, आणि खुल्या वर्गासही वयाच्या 38 व्या वर्षापर्यंत परीक्षेस बसण्याची मुभा असल्यामुळे ‘आणखी एक वर्ष’ म्हणता म्हणता तारुण्य सरून जाते. 14 मार्च 2021 ची पूर्वपरीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली गेली, तेव्हा हीच मुले 11 मार्चला नवी पेठेत रस्त्यावर उतरली होती. तो संताप एका तारखेपुरता नव्हता. गावाहून येणाऱ्या दर महिन्याच्या पैशांचा आणि ‘कधी होशील साहेब?’ या प्रश्नाचा भार त्यात होता.

स्पर्धापरीक्षा देऊ नयेत, असे आम्ही म्हणत नाही. अवश्य द्याव्यात. परंतु ‘दोन-तीन वेळा प्रयत्न कर आणि तोवर दुसऱ्या हातात एखादे काम धर’, हे त्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी कोणीतरी सांगावयास हवे होते. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत खरेदी असते, गोदाम असते, माल तपासण्याचे खाते असते. तेथे काही केवळ यंत्रेच चालवावयाची नसतात. वाणिज्याच्या पदवीधरास हे चाळीस-पन्नास किलोमीटरांच्या आतले जग अमेरिकेपेक्षा दूरचे वाटावे, याला काय म्हणावे? आणि माहिती नसली की तिची जागा नोकरी लावून देतो म्हणून पैसे उकळणारे भामटे घेतात, हेही सर्वांना ठाऊक आहे.

‘आमच्याकडे प्लेसमेंट सेल आहे’, असे प्राचार्य म्हणतील. आहे खरा! अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्याला काही अर्थही असतो, कारण तेथे कंपन्या चालून येतात. तरी त्या निवडक मुले उचलून निघून जातात. कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांत मात्र हा सेल म्हणजे बहुधा एका दारावरची पाटी आणि आपले तास सांभाळून हे जादा काम ओढणारा एक प्राध्यापक असतो. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांना दिलेल्या साहाय्याला गुण असतात, म्हणून वर्षातून एक व्याख्यान होते, त्याचे छायाचित्र निघते आणि ते फाइलीत जाऊन बसते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्गदर्शन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानावे, हे कोठारी आयोगाने 1966 सालच्या अहवालातच सांगून ठेवले. त्याआधी 1959 च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांनी रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळवाव्यात, असे बंधन घातले. मात्र त्या कार्यालयाने धाडलेलाच माणूस घ्यावा, असे बंधन घातले नाही, आणि त्यातच त्या कायद्याचा जीव गेला. 2014 च्या दुरुस्तीने शिकाऊ उमेदवारीची दारे अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांसही उघडली. 2015 साली राष्ट्रीय करिअर सेवेचे संकेतस्थळ निघाले. 2024 साली राज्य सरकारने कार्यप्रशिक्षणाच्या योजनेत पदवीधरास महिना 10 हजार रुपये विद्यावेतन देऊ केले. योजनांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो, त्या मुलासमोर बसून त्याच्याकडून अर्ज भरवून घेणाऱ्या माणसाचा.

महाविद्यालय म्हणजे नोकऱ्यांची दलाली करणारे दुकान नव्हे, असा आक्षेप काही विद्वान घेतील. ज्ञानासाठी ज्ञान, हे तत्त्व आम्हांसही मान्य आहे. परंतु जो मुलगा रानातले पीक विकून शुल्क भरतो, त्याला हे तत्त्व ऐकविण्याचा अधिकार पोटभर पगार घेणाऱ्यास पोहोचत नाही. नोकरी देण्याचे आश्वासन कोणी मागत नाही. मागणी आहे ती वाट दाखविण्याची, आणि तीही शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात नव्हे, तर पहिल्या वर्षापासून. त्यासाठी पूर्ण वेळचा एक अधिकारी नेमावा. प्रत्येक महाविद्यालयातून बाहेर पडलेले शेकडो माजी विद्यार्थी आज नाना कचेऱ्यांत, कारखान्यांत, वृत्तपत्रांतही आहेत. त्यांची यादी करावी, आणि वर्षातून एक तास तरी एका अनोळखी मुलाशी बोला, असे त्यांना हक्काने सांगावे. यास इमारत लागत नाही की अनुदान लागत नाही. ज्याला मामा नाही, त्याला या यादीतून मामा मिळेल.

एक गोष्ट तर याच प्रवेशसत्रात करता येईल. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत इमारतीची, जिमखान्याची आणि संस्थाचालकांची छायाचित्रे असतातच. तेथेच आणखी एक पान घालावे: गेल्या वर्षी पदवी घेतलेल्यांपैकी किती जण कामाला लागले, किती पुढे शिकत आहेत, किती परीक्षांची तयारी करीत आहेत आणि किती जणांचा महाविद्यालयास पत्ताच नाही. हा शेवटचा आकडा प्रामाणिकपणे छापण्यास धैर्य लागेल. पुण्यातील जे प्राचार्य ते पान आमच्याकडे प्रथम धाडतील, त्यांच्या महाविद्यालयाच्या नावासह आम्ही ते याच जागी छापू.